बुरणूस पांघरलेला पियानो

फेल्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? मुलांच्या प्रोजेक्टसाठी स्टेशनरीच्या दुकानातून आणलेले रंगीत चौकोन, त्यातून कापलेली फुलं नि ससे, नाहीतर फरशीवर ओरखडे पडू नयेत म्हणून खुर्च्यांच्या पायांखाली चिकटवायच्या चकत्या. हे सगळं आता बहुतेक कृत्रिम धाग्याचं असतं. खरं फेल्ट लोकरीचं. त्याला ना ताणा ना बाणा. पिंजलेली लोकर पसरायची, तिच्यावर गरम पाणी शिंपडायचं, गुंडाळायची, दाबायची, पुन्हा पुन्हा लाटायची. लोकरीच्या केसावर अगदी बारीक खवले असतात, ते एकमेकांत अडकतात आणि मग ती लोकर काही केल्या सुटत नाही. घरातला चांगला स्वेटर कुणीतरी उकळत्या पाण्यात घालतं आणि तो आखडून पुठ्ठ्यासारखा होतो ना, तोच हा प्रकार, फक्त मुद्दाम केलेला. आपल्याकडे घोंगडी विणतात, पण बुरणूस करतात तो असा लोकर दाबूनच. काश्मिरात त्याला नमदा म्हणतात.

या साध्यासुध्या, करड्या, घरंदाज कापडाला जगातल्या मोठमोठ्या कलासंग्रहालयांत नेऊन बसवलं ते एका जर्मन माणसानं. त्याचं नाव योझेफ बॉइस. आता आपण एखाद्या प्रदर्शनात जातो तेव्हा भिंतीवर चित्रच असेल असं नसतं. एक अख्खी खोलीच कलाकृती असते. आत अंधार, कुठून तरी येणारा आवाज, रंगीत उजेड, छताला टांगलेलं कापड, आणि आपण त्यातून चालायचं. याला मराठीत मांडणशिल्प असा छान शब्द आहे. आपल्यापैकी कितीतरी जणी अशा ठिकाणी जाऊन, यात काय आहे बाई, असं पुटपुटत बाहेर आल्या असतील. या प्रकाराला वळण देणाऱ्या लोकांत बॉइसचं नाव फार वर घेतलं जातं. त्याच्याबद्दल मी वाचू लागले ती कलेपेक्षा त्याच्या एका गोष्टीमुळे. ती गोष्ट खरी नव्हती, आणि तरीही मला तिचं मोल वाटलं. का, ते सांगते.

बॉइसचा जन्म १२ मे १९२१चा, क्रेफेल्ड गावचा. वाढला तो डच सरहद्दीजवळच्या क्लेव्ह गावात आणि त्याच्या आसपास. आईवडिलांचा एकुलता एक. झाडं, प्राणी, कीटक यांचा नाद लहानपणापासूनचा. मध्येच एकदा शाळा सोडून सर्कशीबरोबर पळूनही गेला होता म्हणतात. हिटलरचं राज्य आलं तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. त्या वयाच्या बहुतेक जर्मन मुलांसारखा तो हिटलरच्या युवक संघटनेत गेला, १९३६ साली न्युरेम्बर्गच्या मोठ्या मेळाव्याला जाऊन आला. पण १९४१ मध्ये विमानदलात गेला तो स्वतःहून. हे सांगायलाच हवं, कारण पुढच्या गोष्टीत ते विसरायला होतं. तिथे तो बिनतारी संदेशाचं काम शिकला आणि पुढे झेप घेऊन बॉम्ब टाकणाऱ्या स्टुका विमानात मागच्या बाजूला बसू लागला.

१६ मार्च १९४४ रोजी क्रायमियामध्ये ते विमान कोसळलं.

यानंतर काय झालं, याची बॉइसनं पुढे सांगितलेली गोष्ट अशी. बर्फात तो बेशुद्ध पडला होता. त्या भागात फिरणाऱ्या तातार लोकांना तो सापडला. त्यांनी त्याला आपल्या तंबूत नेलं, अंगाला चरबी चोपडली, फेल्टमध्ये गुंडाळलं आणि कित्येक दिवस असं ऊबेत ठेवून त्याला जगवलं. म्हणून माझ्या कामात चरबी आणि फेल्ट, असं तो सांगायचा. ऐकताना अंगावर काटा येतो. शत्रूच्या मुलुखातल्या अनोळखी माणसांनी बाळंतिणीसारखा शेकून काढलेला सैनिक! १९७९ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्याचं मोठं प्रदर्शन झालं, त्या वेळच्या पुस्तकातही ही गोष्ट छापली गेली आणि जगभर पोचली.

कागदपत्रं मात्र वेगळं बोलतात. अपघातानंतर जर्मन शोधपथकानंच त्याला शोधलं आणि दुसऱ्याच दिवशी, १७ मार्चला, तो लष्करी इस्पितळात दाखल झाला. तिथे तीनेक आठवडे होता. म्हणजे तंबूतले ते दिवस घडलेच नाहीत. विमान चालवणारा त्याचा सोबती हान्स लॉरिंक त्या अपघातात मेला, तो या गोष्टीत जवळपास नाहीच. आणखी एक. अपघातानंतर दोनच महिन्यांनी, मे १९४४ मध्ये, स्टालिनच्या सरकारनं क्रायमियातल्या झाडून साऱ्या तातारांना, जवळपास २ लाख माणसांना, आगगाड्यांत कोंबून दूर उझबेकिस्तानकडे हाकललं. त्यात हजारो मेली. ज्यांनी आपल्याला जगवलं असं बॉइस सांगतो, त्या लोकांचं पुढे काय झालं हे त्याच्या गोष्टीत येत नाही. १९८० साली बेंजामिन बुख्लो या समीक्षकानं त्याच्यावर कडाडून टीका केली, तीही याच मुद्द्यावर. जर्मनीनं जे केलं त्याचा हिशेब देण्याऐवजी हा माणूस स्वतःला जखमी आणि वाचवला गेलेला दाखवतो, असा त्याचा रोख होता.

टीका मला पटते. पण माझी बरीच वर्षं एका समुपदेशन केंद्रात बायकांच्या हकिकती ऐकण्यात गेली आहेत. तिथे एक गोष्ट अनेकदा दिसते. एखादी बाई पहिल्यांदा येते तेव्हा सांगते, मी जिन्यावरून पडले. दुसऱ्यांदा सांगते, शेजारणीनं मला वाचवलं. शेजारीण त्या दिवशी गावातच नव्हती, हे आम्हाला नंतर कळतं. ती आम्हाला फसवत असते असं नाही. तिला खरोखर कुणीतरी येऊन पांघरूण घालायला हवं होतं, आणि ते कुणी घातलं नाही. म्हणून ती ते गोष्टीत घालून घेते. बॉइसच्या गोष्टीकडे मी अशी बघते. फक्त एक फरक विसरायचा नाही. ती बाई मार खाऊन आलेली असते. बॉइस बॉम्ब टाकायला गेला होता. दोघांना एका पारड्यात घालता येत नाही. त्यानं आपल्या जखमेवर फेल्ट घातलं ते ठीक, पण ते दुसऱ्या कुणासाठी वापरलं का, हा माझा प्रश्न होता. उत्तर पियानोत मिळालं, तिकडे येतेच.

युद्ध संपलं तेव्हा तो इंग्रजांच्या कैदेत होता, ऑगस्ट १९४५ मध्ये सुटला. मग ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत शिल्पकला शिकला. शिक्षण संपल्यावर मात्र तो खचला. काम सुचेना, माणसं नकोशी झाली. आज आपण ज्याला डिप्रेशन म्हणतो ते. १९५७ साली फान डेर ग्रिंटन नावाच्या दोघा भावांच्या शेतावर तो काही महिने राहिला, शेतात राबला, चित्रं काढली आणि हळूहळू वर आला. हे दोघे भाऊ त्याची चित्रं तेव्हापासून जपून ठेवत होते, जेव्हा ती कुणाला नको होती. असा काळ काढून देणारी माणसं आयुष्यात लागतातच. तातारांची गोष्ट खरी नसली तरी शेतावरची ही गोष्ट खरी आहे, पण ती त्यानं कधी तेवढी रंगवून सांगितली नाही, याची मला गंमत वाटते.

१९५९ साली त्यानं एव्हा वुर्मबाखशी लग्न केलं. ती एका प्राणिशास्त्रज्ञाची मुलगी, स्वतः त्याच अकादमीत कला शिकलेली. दोन मुलं झाली, वेन्झेल आणि येसिका. बॉइसवरच्या जाडजूड पुस्तकांत एव्हाच्या वाट्याला बहुधा एक ओळ येते. त्याच्या मागे त्याच्या कामाचे हक्क वर्षानुवर्षं डोळ्यांत तेल घालून सांभाळले ते तिनं, हे मात्र कलाजगत चांगलंच ओळखून होतं.

१९६१ मध्ये तो त्याच अकादमीत प्राध्यापक झाला आणि त्याचं खरं काम सुरू झालं. डोक्यावर कायम फेल्टची हॅट, अंगात मच्छीमाराचं जाकीट. हाच त्याचा गणवेश. फेल्टच का, याचं उत्तर त्याच्याकडे तातारांपलीकडेही होतं. फेल्ट ऊब धरून ठेवतं. ओल शोषून घेतं. आवाज गिळतं. फेल्टच्या हॅट ज्या केसांतून करतात त्यांत सशाचे केसही असतात, आणि ससा हा बॉइसचा लाडका प्राणी. शिवाय त्याचा करडा रंग. एवढ्या रंगांच्या दुनियेत हा करडा का घेतोस, असं लोक विचारत. त्याची धारणा अशी की, करड्याकडे बघत राहिलं की माणसाच्या मनात त्याच्या उलट, उजेडाचं आणि रंगांचं जग आपोआप उभं राहतं. पटो न पटो, पावसाळ्यात आठ दिवस सलग मळभ असलं की लाल-पिवळी साडी नेसावीशी वाटते, हे मला ठाऊक आहे.

डिसेंबर १९६४ मध्ये बर्लिनच्या एका कलादालनात तो जमिनीवर फेल्टच्या गुंडाळीत शिरला. दोन्ही टोकांना एकेक मेलेला ससा. आत त्याच्याजवळ मायक्रोफोन. आठ तास तो आत पडून होता आणि बाहेर लोकांना ऐकू येत होते त्याचे श्वास, खोकणं, कण्हणं, घशातून काढलेले जनावरासारखे आवाज. माणूस दिसत नाही, हलत नाही, पण आवाज सगळ्या खोलीभर. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९६५ मध्ये, त्यानं डोक्याला मध लावून वर सोन्याचा वर्ख चिकटवला, मेलेला ससा कडेवर घेतला आणि तीन तास त्याला कुजबुजत एकेक चित्र समजावून सांगितलं. प्रेक्षक बाहेर, काचेतून बघणार. हे वाचून आधी मला हसू आलं. मग वाटलं, कुणाला काही समजावून सांगण्यात आपलंही अर्धं आयुष्य असंच जातं की!

आता तो पियानो.

२८ जुलै १९६६. ड्युसेलडॉर्फच्या अकादमीत संगीताचा एक प्रयोग होता, नाम जून पाइक आणि चेलो वाजवणारी शार्लट मूरमन यांचा. तिथे बॉइसनं एक भलामोठा ग्रँड पियानो ढकलत आणला. सगळाच्या सगळा करड्या फेल्टमध्ये शिवून बंद केलेला. पाय, झाकण, सगळं. दोन्ही बाजूंना लाल कापडाचा क्रॉस, रुग्णवाहिकेवर असतो तसा. पियानो वाजवायचा नव्हताच. तो वाजूच शकत नव्हता. लांबून बघितलं तर एखादं आजारी हत्तीचं पिल्लू उभं असावं तसं ते दिसतं. आणि या कामाच्या लांबलचक नावात बॉइसनं म्हटलं होतं की, आजचा सगळ्यात थोर संगीतकार म्हणजे थॅलिडोमाइडचं मूल.

थॅलिडोमाइड हे नाव आपल्या पिढीतल्या सगळ्यांना माहीत असेलच असं नाही. ते झोपेचं औषध होतं. पश्चिम जर्मनीत ऑक्टोबर १९५७ पासून काँटेरगान या नावानं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळू लागलं. अगदी निर्धोक म्हणून त्याची जाहिरात होती. म्हणून गरोदर बायकांनीही घेतलं, झोपेसाठी, सकाळच्या मळमळीसाठी. आणि मग हात नसलेली, पाय नसलेली, खांद्यालाच बोटं फुटलेली बाळं जन्माला येऊ लागली. नोव्हेंबर १९६१ च्या अखेरीला जर्मनीत ते बाजारातून काढून घेतलं गेलं तोवर उशीर झाला होता. जगभरात अशी १० हजारांहून अधिक मुलं जन्मली, त्यांतली निम्म्याच्या आसपास एकट्या पश्चिम जर्मनीत. कितीतरी जन्मतःच गेली. अमेरिकेत हे औषध विक्रीला आलं नाही, कारण फ्रान्सिस केल्सी या डॉक्टर बाई तिथल्या सरकारी खात्यात फाइल अडवून बसल्या आणि कंपनीनं कितीही तगादा लावला तरी बधल्या नाहीत. जर्मनीत १९६८ मध्ये खटला उभा राहिला आणि १९७० च्या डिसेंबरमध्ये अर्ध्यावरच थांबवला गेला.

म्हणजे बॉइसनं तो पियानो लोटत आणला तेव्हा ही मुलं पाच-सहा वर्षांची होती. शाळेत जायच्या वयाची. रस्त्यावर लोक त्यांच्याकडे टक लावून बघत, नाहीतर नजर फिरवत. पियानोला दहा बोटं लागतात. ती ज्याच्याकडे नाहीत त्याच्या आत संगीत नाहीच, असं आपण किती सहज धरून चालतो! पियानो आत पूर्ण आहे, तारा ताणलेल्या आहेत, सूर तयार आहेत. फक्त बाहेर यायला वाट नाही. आणि वर लाल क्रॉस आहे, म्हणजे इथे मदत हवी आहे. भाषण नाही, घोषणा नाही, त्या मुलांचा एकही दयनीय फोटो नाही.

आमच्या केंद्रात विशेष मुलांच्या आयांचा एक गट महिन्यातून एकदा जमतो. त्यात बहुतेक प्रत्येकीला कधी ना कधी एकच प्रश्न विचारला गेलेला असतो. दिवस गेलेले असताना काय खाल्लंस? ग्रहण पाळलंस का? कुठली गोळी घेतलीस? सासू विचारते, नणंद विचारते, कधी स्वतःची आईही. काँटेरगानच्या आयांचं काय झालं असेल याची कल्पना मला या गटात बसूनच आली. त्यांनी तर खरोखरच गोळी घेतली होती, विश्वासानं. अशा बाईच्या डोक्यावरून हात फिरवणारं काम त्या देशातल्या एखाद्या शिल्पकारानं करावं, तेही न बोलता, हे मला थोर वाटतं. त्या आयांपैकी कुणी ते पाहिलं असेल-नसेल. पण ज्या फेल्टमध्ये त्यानं स्वतःला गुंडाळून घेतलं होतं, ते इथे त्यानं दुसऱ्याच्या लेकराला दिलं.

एक बारकावा मला नंतर लक्षात आला. पियानोच्या पोटात आधीपासून फेल्ट असतंच. तारेवर आदळणाऱ्या प्रत्येक हातोडीला फेल्टची टोपी असते, म्हणून सूर खणखणीत न येता गोल येतो. सूर थांबवणाऱ्या गाद्याही फेल्टच्याच. आपल्या पेटीच्या पट्ट्यांखालीसुद्धा त्याच्या चकत्या असतात. जे कापड आतून सुराला गोडवा देतं, तेच बाहेरून घातलं की सूर कोंडतो.

शार्लट मूरमनसाठी त्यानं पुढे चेलोलाही असंच फेल्टचं आवरण शिवलं, लाल क्रॉससकट. मूळ पियानो पॅरिसच्या पॉम्पिदू सेंटरच्या संग्रहात गेला. तिथे त्याचं फेल्ट झिजलं, तेव्हा १९८४ मध्ये बॉइसनं नवं घातलं. जुनं फेकून दिलं नाही, 'कातडी' असं नाव देऊन तीच वेगळी कलाकृती केली. जुनी साडी गोधडीत घालणाऱ्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्यानंतरची त्याची कामं भराभर सांगते. १९६९ सालचं एक मांडणशिल्प असं की, जुन्या फोक्सवॅगन गाडीच्या मागल्या दारातून २४ लाकडी घसरगाड्या कुत्र्यांच्या कळपासारख्या बाहेर पडताहेत. प्रत्येकीवर फेल्टची गुंडाळी, चरबीचा गोळा आणि एक टॉर्च. ऊब, अन्न आणि उजेड, संकटात माणसाला एवढंच लागतं. १९७० मध्ये त्यानं स्वतःच्या सुटाच्या मापावरून फेल्टचे शंभर सूट शिवून घेतले, बाह्या नि पाय मुद्दाम लांब, बटणं नाहीत. लंडनच्या टेट संग्रहालयानं त्यातला एक घेतला होता, त्याला कसर लागली! शेवटी तो संग्रहातून कमी करावा लागला. एवढं मोठं संग्रहालय, पण कसरीपुढे आपल्या ट्रंकेसारखीच गत. वेखंडाची पुरचुंडी ठेवा, असं कुणी सांगितलं नसावं.

साफसफाईचे किस्से तर दोन आहेत आणि दोन्ही खरे. लहान मुलांना आंघोळ घालायचं एक जुनं टब बॉइसनं मलमपट्ट्या, चरबी वगैरे लावून कलाकृती म्हणून मांडलं होतं. १९७३ मध्ये लेव्हरकूझन गावच्या संग्रहालयात एका पक्षाच्या लोकांची मेजवानी झाली. तिथल्या बायकांना भांडी विसळायला काही सापडेना. त्यांनी ते टब घासून लख्ख केलं. प्रकरण कोर्टात गेलं. दुसरा किस्सा अकादमीतला. त्यानं १९८२ मध्ये एका खोलीच्या कोपऱ्यात उंचावर लोणी थापून ठेवलं होतं. तो गेल्यावर काही महिन्यांनी सफाई करताना ते खरवडून टाकलं गेलं, आणि सरकारला त्यापायी ४० हजार मार्क भरपाई द्यावी लागली. माझी सहानुभूती दोन्ही वेळा घासणाऱ्यांकडे जाते, खरं सांगते.

अकादमीशी त्याचं भांडण झालं ते वेगळ्याच कारणानं. प्रवेश नाकारलेल्या मुलांनाही तो आपल्या वर्गात घ्यायचा. प्रत्येक माणसात कलाकार असतो, म्हणजे आपलं जग घडवायची ताकद असते, असं तो मानत होता, तर मग दार कुणाला लावायचं? १९७२ मध्ये तो अशा मुलांना घेऊन कार्यालयातच ठाण मांडून बसला. त्याला काढून टाकलं. तो कोर्टात गेला, आणि बडतर्फी बेकायदा होती असा निकाल लागायला १९७८ उजाडलं. मधल्या काळात हाइनरिश ब्योल या लेखकाबरोबर त्यानं मुक्त विद्यापीठ काढलं, पुढे पर्यावरणवादी ग्रीन पक्षाच्या उभारणीत उतरला, निवडणूक लढवली.

मे १९७४ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला तेव्हा अमेरिकेच्या भूमीला पाय न लावता गेला. विमानतळावरून फेल्टमध्ये गुंडाळून, स्ट्रेचरवर, रुग्णवाहिकेतून थेट कलादालनात. तिथे जाळीआड एक कायोटी होता, कोल्हा-लांडग्याच्या जातीचं तिथलं रानटी जनावर. मूळ अमेरिकी जमातींना पूज्य, गोऱ्यांना मात्र उपद्रवी वाटणारं. तीन दिवस दोघे एका खोलीत. बॉइस फेल्टचा तंबू करून आत उभा, वर काठीची मूठ तेवढी दिसते. मध्येच गळ्यातला त्रिकोणी घंटेचा टणत्कार करतो, मग टेपवरून टर्बाइनचा कर्कश घरघराट, मग पुन्हा शांतता. फेल्टमध्ये लपवलेल्या टॉर्चचा पिवळा उजेड. कायोटीनं फेल्ट ओढलं, फाडलं, त्यावर झोपला, आणि रोज आणून ठेवलेल्या वॉल स्ट्रीट जर्नलच्या अंकांवर खुशाल मुतला. शेवटी दोघांची चांगली सवय झाली होती. मग पुन्हा फेल्ट, पुन्हा रुग्णवाहिका, पुन्हा विमान. आवाज, उजेड आणि कापड या तिन्हींना जिवंत प्राण्यासमोर ठेवणारं असं काम क्वचितच दुसरं असेल.

१९८५ साली फुप्फुसाच्या आजारातून उठताना तो इटलीतल्या काप्री बेटावर होता. तिथे त्यानं एक छोटीशी गोष्ट केली. एक पिवळा दिवा घेतला, होल्डरमध्ये बसवला आणि होल्डरच्या पिना खोचल्या ताज्या पिवळ्या लिंबात. दिवा लागत नाही, लागणारच नाही. सोबत सूचना, १००० तासांनी बॅटरी बदला. आयुष्यभर करडं वापरलेल्या माणसाचा हा एवढासा पिवळा रंग बघून मला फार बरं वाटलं.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या अँथनी डॉफे यांच्या कलादालनात त्यानं शेवटचं मोठं मांडणशिल्प उभं केलं. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते, त्यामुळे जे सांगते ते वाचून आणि फोटो बघून. दोन खोल्यांच्या भिंती खालपासून वरपर्यंत फेल्टच्या जाड गुंडाळ्यांनी झाकलेल्या, एकावर एक दोन रांगा, मिळून २८४ गुंडाळ्या. आत जायचं तर वाकून. पहिल्या खोलीत एक पियानो, या वेळी उघडा, म्हणजे त्याच्यावर काही पांघरूण नाही, पण झाकण बंद. त्यावर एक फळा आणि फळ्यावर ताप मोजायचा थर्मामीटर. बस. आत गेलं की बाहेरची वाहतूक ऐकू येईनाशी होते, स्वतःचं बोलणं कानाशीच विरतं आणि माणसांच्या अंगाच्या ऊबेनंच खोली तापू लागते. गाद्या-रजयांच्या दुकानात अगदी आत, थप्प्यांच्या मधे उभं राहिलं तर कानांना कसं वाटतं ते आठवून बघा. थोडं सुखाचं, थोडं गुदमरल्यासारखं. या कामाचं नाव 'प्लाइट'. इंग्रजीत त्याचा एक अर्थ दुर्दशा आणि दुसरा, वचनात बांधून घेणं. १९६६ मध्ये पियानो फेल्टच्या आत होता. एकोणीस वर्षांनी पियानो आणि त्याला बघणारे आपण, सगळेच आत आलो होतो. हे कामही पुढे पॉम्पिदूनंच घेतलं.

२३ जानेवारी १९८६ रोजी ड्युसेलडॉर्फमध्ये बॉइसचं हृदय बंद पडलं. वय ६४. अस्थी उत्तर समुद्रात सोडल्या.

त्याचं एक काम तेव्हा अर्धवट होतं. कासेल शहरात ७००० झाडं लावायची आणि प्रत्येक झाडाशेजारी काळ्या बेसॉल्टचा एक उभा दगड रोवायचा. १९८२ साली त्यानं सगळे ७००० दगड शहरातल्या मुख्य संग्रहालयासमोर आणून ओतले होते. झाड लागेल तसा ढिगारा कमी होणार. ढीग बघून गावकरी भडकले होते. झाडामागे ५०० मार्कांची देणगी मागितली जायची, आणि पैसे कमी पडले तेव्हा त्यानं एका जपानी व्हिस्कीची जाहिरातसुद्धा केली. पहिलं ओकचं झाड त्यानं स्वतः लावलं १६ मार्चला, म्हणजे ज्या तारखेला विमान पडलं होतं त्याच तारखेला, अडतीस वर्षांनी. १२ जून १९८७ रोजी त्याचा मुलगा वेन्झेल यानं शेवटचं झाड त्या पहिल्या झाडाशेजारी लावलं, आणि संग्रहालयापुढचं अंगण रिकामं झालं.